सोसाट्याचा वारा आणि मोटारीमागचं फिरतं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत ‘ट्रेलर’ म्हटलं की न्हावाशेव्याकडे निघालेला चाळीस फुटी कंटेनर डोळ्यांसमोर येतो. इथे ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागच्या आकड्याला, म्हणजे हिचला, जोडून ओढायची कॅराव्हॅन: एक किंवा दोन ॲक्सल (चाकांच्या जोडीचा आस), साडेपाच ते सात मीटर लांबी, वजन साधारण हजार ते दोन हजार किलो. बसच्या किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेल्या गाडीलाही यातलं बरंच लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

किती वारा असेल तर निघू नये?

वाऱ्याच्या सरासरी वेगापेक्षा झोतांचा वेग बघा. झोत ताशी ३० किलोमीटरपर्यंत असतील तर नीट भरलेला, नीट जोडलेला ट्रेलर कुरकुर करत नाही. ३० ते ४५ च्या दरम्यान असतील तर जाता येतं, पण ताशी ६० च्या वर गाडी नेऊ नका आणि उघड्या पुलांवर त्याहूनही कमी ठेवा. ४५ च्या पुढचे झोत अंदाजात दिसत असतील तर निघूच नका. हा आकडा मोठा ट्रक चालवणाऱ्याला फार सावध वाटेल. पण त्याच्या गाडीचं वजन आणि तुमच्या ट्रेलरचं वजन यांची तुलनाच होत नाही.

वारा थोडासाच वाढला तर एवढा फरक का पडतो?

कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. सहा मीटर लांब आणि २.१ मीटर उंच भिंत असलेला ट्रेलर घ्या. आडव्या वाऱ्याचा त्याच्या कुशीवर पडणारा रेटा असा येतो: ताशी ३० ला सुमारे ६५ किलो, ४० ला ११५, ६० ला २६०, ८० ला ४६५ आणि १०० ला ७३० किलो. म्हणजे ४० वरून ६० वर गेल्यावर, वारा फक्त दीडपट झालेला असताना, रेटा सव्वादोनपट होतो. ‘मघाशी तर चाललं होतं’ हा हिशेब म्हणूनच फसतो.

ट्रेलर उलटतो तरी किती वाऱ्याला?

वरच्याच ट्रेलरचं वजन १,४०० किलो, दोन चाकांमधलं अंतर १.९ मीटर आणि वाऱ्याच्या रेट्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर धरा. उभ्या स्थितीत, सपाट जमिनीवर, तो साधारण ११० च्या वाऱ्याला एका बाजूची चाकं उचलतो. तोच ट्रेलर रिकामा, ९०० किलोचा असेल तर ही मर्यादा ८८ वर येते.

हे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात स्प्रिंगचे पाटे आणि टायर दबतात, खोका कलतो, वजनाचा मध्य बाजूला सरकतो आणि मर्यादा आणखी खाली येते. रस्ता वाऱ्याच्या पलीकडे उतरता असेल तर अजून खाली. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून समुद्रातून गेलं, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. वादळ किनाऱ्याला धडकलं नव्हतं, तरी भरलेला ट्रेलरही उलटवण्याइतका वारा मुंबईत होता.

मग रिकामा ट्रेलर ओढायला सोपा, हे खरं नाही?

चढावर सोपा. वाऱ्यात नाही. कारखान्यातून नवा ट्रेलर आणताना, किंवा सामान उतरवून परत येताना, लोक निर्धास्त असतात आणि नेमके तेव्हाच तो हलका असतो. वाऱ्याचा दिवस असेल तर ॲक्सलच्या थोडी पुढे आणि खाली बसवलेली पाण्याची टाकी भरून घ्या. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेही तळाशी. टाकी भरायची तर पूर्ण भरा. अर्ध्या टाकीतलं पाणी हिंदकळतं आणि डुलण्यात भर घालतं.

ट्रेलर मागे शेपटीसारखा डुलायला लागतो तो का?

वारा, शेजारून गेलेली बस किंवा स्टिअरिंगचा झटका ही निमित्तं. मूळ कारण बहुतेक वेळा वजनाची मांडणी. ट्रेलरचं नाक हिचवर पुरेसं दाबून बसलं नसेल तर लागलेला धक्का विरत जाण्याऐवजी प्रत्येक झोक्याला वाढत जातो. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, ज्याच्या खाली झोके आपोआप शांत होतात आणि ज्याच्या वर ते वाढतात. मागे वजन जास्त असलं की हा वेग खाली येतो. म्हणून एखादा ट्रेलर ६० ला देवासारखा चालतो आणि ७५ ला अंगात आल्यासारखा करतो.

एक उदाहरण बारकाईने बघा. ॲक्सलपासून हिचच्या बॉलपर्यंतचं (ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर बसतो) अंतर चार मीटर. मागच्या बंपरवर दोन सायकली आणि त्यांचा स्टँड, मिळून ४० किलो, ॲक्सलच्या तीन मीटर मागे. हिचवरचं वजन ४० गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ३० किलोने घटलं. त्यात ॲक्सलच्या दीड मीटर मागे १०० लिटरची सांडपाण्याची टाकी भरली की आणखी ३७ किलो गेले. निघताना हिचवर १२० किलो होते, परत येताना ५३. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. म्हणून सांडपाणी परतीच्या आधी ठरलेल्या जागी रिकामं करा आणि सायकली ट्रेलरच्या आत, ॲक्सलच्या वर झोपवून बांधा.

हिचवर किती वजन असावं आणि ते मोजायचं कसं?

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्के हे धरून चला. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनना ५ ते ७ टक्क्यांवरही चालवतात, पण त्या त्यासाठीच बांधलेल्या असतात आणि सोबत डुलणं रोखणारा स्टॅबिलायझर असतो. मोटारीच्या आणि हिचच्या कंपनीने दिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. १,४०० किलोच्या ट्रेलरला १४० किलो हवेत आणि मोटारीची मर्यादा ७५ असेल, तर ती मोटार त्या ट्रेलरसाठी नाही. वजन मागे सरकवून मर्यादेत बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, ते संकटाला दिलेलं आमंत्रण आहे.

एकूण वजनासाठी हायवेवरचा कोणताही वजनकाटा चालतो. ट्रेलर मोटारीपासून सोडवून एकटा काट्यावर उभा करा.

हिचच्या वजनासाठी घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो, फक्त थेट त्यावर नाक टेकवू नका, काटा मोडेल. तीन फुटांपेक्षा थोडी लांब, जाड फळी घ्या. तिचं एक टोक काट्याच्या उंचीइतक्या विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा. दोन्ही टेकूंमध्ये बरोबर तीन फूट अंतर हवं. विटेच्या टेकूपासून एक फुटावर फळीवर मजबूत पाइपचा तुकडा उभा करून त्यावर कपलर (ट्रेलरच्या नाकावरचा, बॉलवर बसणारा भाग) टेकवा. काटा जे दाखवेल त्याच्या तिप्पट हे हिचवरचं वजन. नुसती फळी असताना काटा जे दाखवतो ते आधी वजा करा. ट्रेलर सपाट जागेवर, जोडल्यावर जेवढ्या उंचीला राहतो तेवढ्याच उंचीला आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेला असू द्या. जॉकी व्हील (नाकाखालचं टेकूचं चाक) काट्यावर ठेवून मोजलं तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, कारण ते चाक बॉलच्या मागे, ॲक्सलच्या जवळ असतं.

चालत्या रस्त्यात डुलायला लागला तर नेमकं काय करायचं?

ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढा. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा आणि झोक्याच्या उलट वळवू नका. तुमचा हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचतो आणि तो झोक्याला आणखी ढकलतो. मोटारीचा ब्रेक दाबू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल आणि डॅशबोर्डवर त्याचा हाताने चालवायचा खटका असेल, तर फक्त तोच हळूहळू दाबा. ट्रेलर मागून ओढला गेला की दोघं पुन्हा एका रेषेत येतात. ओव्हररन ब्रेक (ट्रेलर मोटारीला मागून ढकलू लागला की आपोआप लागणारा) असलेल्या ट्रेलरला ही सोय नाही, तिथे फक्त पाय काढून वेग उतरू द्यायचा.

‘वेग वाढवला की सरळ होतो’ हा सल्ला अजूनही फिरतो. क्षणभर ओढ लागून सरळ झाल्यासारखं वाटतं खरं, पण तुम्ही जास्त वेगावर पोचलेले असता आणि पुढचा झोका तिथून सुरू होतो. असं कधीही करू नका.

शांत झाल्यावर पुढच्या सुरक्षित जागी थांबा. टायर, कपलर, आतलं सरकलेलं सामान बघा. कारण सापडेपर्यंत ६० च्या वर जाऊ नका.

वेग कमी केल्याने आडव्या वाऱ्याचा रेटा कमी होतो का? वारा तर तेवढाच असतो.

होतो. चालत्या ट्रेलरला जाणवणारा वारा हा समोरचा आणि बाजूचा मिळून तिरका असतो. बाजूचा वारा ४० आणि तुमचा वेग ८० असेल तर एकत्रित वेग ८९ येतो. तुम्ही ५० वर आलात तर ६४. आडवा रेटा या घटीबरोबर साधारण चौथा हिस्सा किंवा थोडा जास्तच उतरतो. शिवाय झोके विरण्याची ट्रेलरची ताकद वाढते. दोन्ही फायदे एकाच वेळी मिळतात, तेही फुकट.

स्टॅबिलायझर बसवला की प्रश्न मिटतो का?

नाही. चांगल्या मांडणीला तो आणखी चांगलं करतो, वाईट मांडणी झाकतो. झाकलेली मांडणी मग जास्त वेगाला उघडी पडते. तरीही तो असावा, असंच आमचं मत आहे. स्टॅबिलायझर कपलरमध्येच, घर्षणपट्ट्यांच्या रूपात असेल तर बॉल कोरडा हवा, ग्रीस लागलं की पट्ट्या निसटतात. साध्या कपलरला उलट ग्रीस हवंच. मुंबईच्या खाऱ्या हवेत कोरड्या बॉलवर आठवड्याभरात गंज धरतो. बारीक पॉलिश पेपरने घासून, कोरड्या फडक्याने पुसून मगच जोडा. बाजूला दांड्यासारखा बसणारा स्टॅबिलायझर तीव्र वळणावर रिव्हर्स घेताना काढून ठेवा, नाहीतर वाकतो.

मुंबईतून निघताना वारा कुठे जास्त लागतो?

खाडीवरचे पूल आधी. वाशीचा, ऐरोलीचा आणि अहमदाबाद हायवेवरचा वर्सोव्याचा, सगळे उघडे. मोठे सागरी सेतू तर पूर्ण मोकळ्या समुद्रावर आहेत. अटल सेतूच्या २१.८ किलोमीटरपैकी १६.५ किलोमीटर पाण्यावर आहेत. तिथे वारा वाढला तर आडोसा नाही आणि थांबायलाही परवानगी नाही. ट्रेलर घेऊन वाऱ्याच्या दिवशी सेतूचा मोह टाळा, खाडी ओलांडायची तर वाशीचा छोटा पूल बरा.

अलिबागकडे जाताना वडखळ सोडलं की धरमतर खाडीचा पूल आणि पुढे पोयनाडपर्यंतची सपाट खारजमीन येते, तिथे अडवायला झाडही नसतं. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर भाताण आणि माडप बोगद्यांची तोंडं लक्षात ठेवा. आत वारा शून्य असतो आणि बाहेर पडताक्षणी मोटार वाऱ्यात, ट्रेलर अजून बोगद्यात, अशी काही क्षणांची विभागणी होते. बाहेर पडण्याआधीच वेग उतरवा. परतताना खंडाळ्याच्या उतारावर खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. ट्रेलर मागून ढकलत असताना आडवा झोत आला तर डुलणं सगळ्यात लवकर सुरू होतं. कसारा घाटात डोंगराच्या कडेची प्रत्येक फट झोताचं नळकांडं होते. आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगीच नाहीत.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वारा पश्चिमेचा असेल आणि तुम्ही उत्तरेला, गुजरातच्या दिशेने जात असाल तर तो डाव्या कुशीवर लागतो आणि ट्रेलरला दुभाजकाकडे, वेगवान लेनकडे ढकलतो. गोव्याच्या दिशेने जाताना तोच वारा उजवीकडून येऊन रस्त्याच्या कडेकडे ढकलतो. पावसाळ्यात ती कडा चिखलाची असते. डावं चाक डांबराखाली उतरलं तर झटक्याने वर घेऊ नका. आधी वेग उतरवा, मग चढवा.

कंटेनर किंवा शिवनेरी शेजारून गेली की ट्रेलर ओढला जातो. हे वाऱ्यामुळेच का?

हो. मोठ्या गाडीचं तोंड हवा बाहेर ढकलतं, म्हणून आधी ट्रेलर दूर जातो. मग तिच्या कुशीजवळचा कमी दाब त्याला आत ओढतो. आरशात मोठी गाडी दिसली की आपल्या लेनमध्ये पुरेसं अंतर ठेवा आणि ॲक्सिलरेटर किंचित सोडा. दर वेळी डुलत असेल तर हिचचं वजन पुन्हा मोजा.

दिवसातली कोणती वेळ चांगली?

पहाट. मार्च ते मे महिन्यांत दुपारी खारा वारा सुटतो आणि तीन ते पाचच्या सुमाराला जोर धरतो. साडेपाचला निघून अकरापर्यंत मुक्कामी पोचणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर काळे ढग दिसले आणि अचानक गार वारा व धूळ आली, तर पाऊस पडायची वाट न बघता थांबा. वळवाचा जोरदार झोत पावसाच्या आधी येतो आणि दिशा बदलून येतो. १३ मे २०२४ ला मुंबईत असंच धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला. सतरा माणसं गेली. वाऱ्यात थांबायची जागा शोधताना फलक, जुनी झाडं, बांधकामाची क्रेन यांच्या उंचीइतकं अंतर सोडून मगच थांबा.

हवामानाचे आकडे वाचायचे कसे?

काही ॲप नॉटमध्ये सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी, तेव्हा २५ नॉट म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. मीटर प्रति सेकंद असेल तर ३.६ ने गुणा. हवामान खातं सरासरी आणि झोत वेगळे देतं, निर्णय झोतावर घ्या. अंदाज दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा असतो. मोकळ्या पुलावर तुम्ही त्याच उंचीवर किंवा वर असता. निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना, असे दोनदा बघा. तीन तासांपुरता तातडीचा इशाराही येतो, वळवाच्या दिवसांत तोच खरा उपयोगी.

मुक्कामाच्या जागी ट्रेलर कसा उभा करावा?

नाक वाऱ्याकडे. समोरची भिंत कुशीच्या निम्म्याहून लहान असते, त्यामुळे रेटा तितकाच घटतो. रात्री वारा वाढायचा अंदाज असेल तर मोटार जोडलेलीच ठेवा. दोन-तीन टन वजन एकत्र आलं की हलण्याचं प्रमाण एकदम उतरतं. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मग चारही कोपऱ्यांचे जॅक खाली घ्या. हे जॅक हलणं थांबवण्यासाठी असतात, ट्रेलर उचलण्यासाठी नाहीत. काशीद-नागावच्या वाळूत त्यांच्याखाली एक फूट बाय एक फुटाची प्लायची फळी घाला, नाहीतर पहाटेपर्यंत एक कोपरा रुतलेला असतो.

आडोसा म्हणून सुरूचं बन भिंतीपेक्षा चांगलं. भिंतीवरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा फिरतो. सुरूमधून तो गाळून, मंदावून येतो. पण बनाला चिकटून उभं राहू नका. झाडं १२ मीटर उंच असतील तर २० ते ४० मीटर अंतर ठेवा. नारळाखाली तर कधीच नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा रायगडातल्या वाड्यांमध्ये किती नारळ-पोफळी आडव्या झाल्या ते तिथल्या कोणत्याही बागायतदाराला विचारा.

बाजूची कापडी कनात किती वाऱ्यापर्यंत ठेवावी?

ताशी ३० पर्यंत, तीही मेखा आणि पट्ट्यांनी बांधलेली. चार बाय अडीच मीटरचं कापड म्हणजे दहा चौरस मीटर. ४० च्या झोताला त्यावर सत्तर-ऐंशी किलोचा ताण येतो आणि तो आधी कनातीच्या दांड्यांच्या सांध्यांवर, मग ट्रेलरच्या भिंतीतल्या स्क्रूंवर जातो. कापड फाटतं हे नुकसान छोटं. स्क्रू उपटून भिंतीत पाणी शिरलं की लाकडी सांगाडा आतून कुजतो. बाहेर जाताना आणि झोपताना कनात गुंडाळा, आकाश निरभ्र असलं तरी. पाऊस असेल तर एक कोपरा खाली ठेवा. पाणी साठलेल्या कापडावर झोत आला तर काहीच वाचत नाही.

गॅस आणि छतावरच्या खिडक्या?

निघण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. वाऱ्याने शेगडीची ज्योत विझून गॅस आत साचू शकतो, म्हणून खिडकीतून झोत येत असताना स्वयंपाक नको. छताची झडप उघडी राहिली तर चालत्या गाडीत पहिल्या मोठ्या झोतालाच उडते. दार लावताना वर बघायची सवय लावा.

छतावरचे सोलर पॅनल उडतात का?

उडतात. सपाट पॅनलच्या खालून वारा शिरला की ते पंखासारखं उचलतं. फक्त चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. स्टेनलेस बोल्ट, तेही किनाऱ्यासाठी ३१६ दर्जाचे, छताच्या आतून मोठ्या वॉशरसह बसवा आणि भोकं सीलंटने बंद करा. वाऱ्याच्या दिशेची फट जितकी लहान तितकं बरं.

टायरचा आणि वाऱ्याचा काय संबंध?

मोठा. हवा कमी असेल तर टायरची बाजू लवचीक होते आणि ट्रेलर आडवा डुलतो. ट्रेलरवर लिहिलेला दाब सकाळी, टायर थंड असताना भरा. उन्हात दाब वाढलेला दिसला तरी हवा काढू नका. नटवरचा ताण पाना लावून बघा आणि चाक बदललं असेल तर ८० किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

व्हॅनिटी व्हॅनला हे लागू पडतं का?

ती एकसंध असल्याने मागे डुलत नाही, पण कूस मोठी असते. मढ-अक्सा किनाऱ्यावर दिवसभर उभी राहते तेव्हा समुद्राकडे तोंड करून उभी करा. बाहेर सरकणारी खोली आत घ्या. तिने कूस रुंद होते आणि तिच्यावरचं कापड फडफडून फाटतं. जनरेटरचा धूर आत येत नाही ना तेही बघा, वारा फिरला की तोही फिरतो.

चक्रीवादळाचा इशारा आला तर?

चक्रीवादळात सरासरी वारा ताशी ६२ पासून सुरू होतो, तीव्र वादळात ८९ पासून. अशा वाऱ्यात ट्रेलर हा निवारा नाही. किनाऱ्यावर असाल तर वारा वाढायच्या आत, दिवसा उजेडी, आत सरका. वेळ नसेल तर ट्रेलर तिथेच ठेवून माणसं पक्क्या इमारतीत न्या. ट्रेलर ठेवताना नाक वाऱ्याकडे, टाकी भरलेली, गॅस बंद, खोली-कनात आत आणि चासीवरून रॅचेट पट्ट्यांनी चार ठिकाणी बांधलेला. पट्टे छतावरून टाकले तर कडा चेपतात. वाळूत साधी लोखंडी मेख उपयोगाची नाही, स्क्रूसारखी आत फिरवायची मेख हवी किंवा सिमेंटच्या कोब्यात बसवलेली कडी.

विम्यात वादळाचं नुकसान मिळतं का?

सर्वसमावेशक पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर ही कारणं येतात. केवळ थर्ड पार्टी असेल तर नाही. ट्रेलर मोटारीच्या पॉलिसीत आपोआप येत नाही, तो वेगळा नोंदवावा लागतो. कनात आणि सोलर पॅनल नंतर बसवले असतील तर त्यांची किंमतही जाहीर करा. घटनेनंतर काहीही हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

वारा सरल्यावर काय तपासायचं?

छतावरचे सांधे आणि कोपऱ्याच्या पट्ट्या. डोळ्यांना नाही दिसलं तर हात फिरवा, उचकटलेली पट्टी बोटाला लागते. मग कपलर बॉलवर पूर्ण बसला आहे का, हे बघण्यासाठी कुलूप लावून जॉकी व्हीलने मोटारीचा मागचा भाग किंचित उचलून बघा. कपलर निसटला तर तो आधीपासून अर्धवटच बसलेला होता. सेफ्टी चेन खाली एकमेकींना छेदून आहेत ना आणि ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक लावणारी) मोटारीला वेगळी अडकवली आहे ना ते बघा. चेनलाच ती अडकवलेली असेल तर चेन तुटल्यावर ब्रेक लागणार नाही. शेवटी जॅक चारही वर. वादळानंतरच्या घाईत एक खाली राहतो, आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरला वाकतो.